ओळंबा की सुकाणू? नव्या तारांनंतर डोलकाठी आणि बूम बसवताना

शिडाच्या होडीच्या तारा बदलल्या की डोलकाठी आपोआप जुन्या जागी येत नाही. काठीला पुढून फोरस्टे धरते, मागून बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंनी श्राउड. यांपैकी एकीचीही लांबी थोडी बदलली की काठीचा शेंडा सरकतो, आणि तारेतला फरक शेंड्याशी कितीतरी पटीने वाढून दिसतो. ७ मीटर उंचीच्या काठीची फोरस्टे काठीच्या बुंध्यापासून २ मीटर पुढे बांधलेली असेल, तर तार १ सेंटीमीटरने आखूड झाल्यावर शेंडा सुमारे साडेतीन सेंटीमीटर पुढे येतो. शेंड्याबरोबर शीड हलते, शिडावरचा वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू हलतो, शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या काठीचे, म्हणजे बूमचे, मागचे टोक वर-खाली होते, आणि परवापर्यंत सरळ चालणारी होडी सुकाणूशी भांडू लागते.

काठी किती कललेली असावी हे मोजून ठरवायचे की होडी पाण्यात चालवून, यावर होडीवाल्यांत दोन तट आहेत. पुढील संवादात ते एका भाच्याच्या आणि त्याच्या मामाच्या तोंडी घातले आहेत. भाचा जळगावचा यंत्र अभियंता. मामा नौदलातून निवृत्त होऊन जळगावातच मेहरूणला स्थायिक झालेले. होडीही कल्पित आहे. सहा मीटर लांब, एका काठीची, पोटातून वर-खाली होणाऱ्या सेंटरबोर्डची आणि ट्रेलरवर घालून नेता येईल अशी. काठी ७ मीटर, बूम ३ मीटर, तारा ४ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या, १×१९ विणीच्या (एकोणीस पदरांचा एकच पीळ); प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला ती ताणायचा आट्यांचा टर्नबकल. ती मेहरूण तलावाच्या काठी उभी आहे असे धरू. मुंबईत हेच काम साधारणपणे पावसाळ्यात निघते, कारण तेव्हा शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढलेल्या असतात.

भाचा: मामा, जुन्या तारा काढल्या तेव्हा पिनेपासून पिनेपर्यंत त्यांची लांबी मोजून ठेवली होती. नव्या तारा बरोबर त्याच मापाच्या आणल्या. मग काठी जुन्या जागी यायलाच पाहिजे ना?

मामा: नाही येणार, भो. जुनी तार दहा वर्षं ओढ खाऊन लांबलेली होती. तू मोजलीस ती लांबलेली तार. नवी तार तेवढीच कापलीस, आता ती पुन्हा थोडी लांबणार. मग टर्नबकल आवळायला जाशील तर आटेच शिल्लक नसतील.

भाचा: म्हणजे मोजायचंच नाही?

मामा: मोजायचं, पण टर्नबकलसकट. टर्नबकल किती आवळलेला होता तेही लिहून ठेवायचं. नवी तार अशी कापायची की कामाचा ताण दिल्यावरही दोन्ही बाजूंचे निम्म्याहून जास्त आटे पकडीत राहतील आणि पुढे आवळायलाही जागा उरेल.

इथे मामांचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. मात्र जुन्या मापांना किंमत नाही असा अर्थ त्यातून काढू नये. काठी खाली घेण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवायला पाव तास पुरतो: काठीचा कल, बुंधा पायावर नेमका कुठे बसला आहे ती जागा, बूमच्या मागच्या टोकाची डेकपासूनची उंची, आणि प्रत्येक टर्नबकलचे बाहेर दिसणारे आटे. हे न करता काठी आडवी करण्याची घाई पुढे फार महागात पडते. जुन्या मापांशिवाय नंतरचा सगळा वाद हवेतला राहतो.

काठी उभी करताना दोन्ही तट गप्प बसतात. तिथे नियम एकच: आधी वर बघायचे. शहराला लागून असलेल्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या तारा असतात, आणि ॲल्युमिनियमची काठी विजेची उत्तम वाहक असते. ट्रेलर अशा ठिकाणी लावावा की काठी कुठल्याही बाजूला पडली तरी तारेपर्यंत पोचणार नाही. काठी उभी ठेवून ट्रेलर ओढत नेणे ही आत्महत्येची तयारी होय.

यानंतर होडी समपातळीत आणायची. ट्रेलरवर ती पुढे-मागे झुकलेली असते, आणि अशा होडीत मोजलेला कल खोटा असतो. पाण्यात नेहमी बुडणारी रेषा ज्या पातळीत असते, त्याच पातळीत होडी आणावी. चाकाखाली फळी सारली की बहुतेक वेळा भागते.

पहिले काम काठी उजवी-डावीकडे सरळ उभी करण्याचे. शीड चढवायच्या दोरीला स्टीलची टेप बांधून ती शेंड्यापर्यंत चढवतात. मग टेपचे खालचे टोक आधी एका बाजूच्या श्राउडच्या पट्टीपर्यंत ताणतात, नंतर दुसऱ्या. दोन्ही मापे सारखी आली की शेंडा मध्यावर आहे असे समजावे. शेंड्यावरची कप्पी काठीच्या मध्यावर नसेल तर ही पद्धत फसवते. म्हणून शक्य असेल तिथे मधल्या कप्पीवरची दोरी घ्यावी.

भाचा: इथे तरी टेपच जिंकते ना, मामा?

मामा: इथे जिंकते. काठी एका अंगाला कललेली असली तर होडी एका बाजूने वेगळी आणि दुसऱ्या बाजूने वेगळी वागते. ते हातानं कळतं, पण कळेपर्यंत अर्धा दिवस जातो. टेप पाच मिनिटांत सांगते.

शेंड्यापर्यंत जाणारे वरचे श्राउड दोन्ही बाजूंना सारखे आवळून झाले की बुंध्याशी बसून, शीड ज्या खाचेतून वर सरकते त्या खाचेवरून डोळा लावून वर बघतात. काठी मध्येच वाकडी दिसली तर काठीच्या मध्याशी जोडलेल्या खालच्या श्राउडने ती सरळ करायची. शेंडा सरळ आणि मध्य उजवीकडे गेलेला दिसला, तर डावा खालचा श्राउड आवळायचा किंवा उजवा सैल करायचा. वरच्यांना हात लावायचा नाही. इथला उत्साह पुष्कळांना नडतो. खालचा फुगवटा काढायला वरची तार ओढतात, आणि काठी इंग्रजी एस अक्षरासारखी होऊन बसते.

आता खरा वाद: काठीचा मागे असलेला कल. तो मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. शीड चढवायच्या दोरीला ओळंबा बांधून तो बूमच्या उंचीपर्यंत सोडायचा आणि काठीच्या मागच्या कडेपासून दोरी किती दूर लोंबते ते मोजायचे. शेंड्याशीच दोरी काठीपासून जितकी दूर निघते तेवढे अंतर वजा करायचे. शेंडा ते बूम हे अंतर ६ मीटर असेल, तर १ अंशाचा कल म्हणजे साडेदहा सेंटीमीटर. वाऱ्याने ओळंबा झुलत असेल तर तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा, लगेच थांबतो.

भाचा: माझं म्हणणं एवढंच, की होडी बनवणाऱ्यानं जो कल दिला असेल तो लावायचा आणि विषय संपवायचा. शर्यतीच्या होड्यांत सगळं टेपनं मोजतात. १९८२ च्या एशियाडमध्ये फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मुंबईच्या पाण्यात फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवलं. त्या वर्गातल्या होड्यांच्या कलाचे आकडे शीड बनवणारे छापून देतात. अमुक वाऱ्याला शेंड्यापासून मागच्या फळीपर्यंत अमुक अंतर.

मामा: ते आकडे त्या होडीचे, त्या शिडाचे आणि त्या दोघांच्या वजनाचे. आपली होडी वर्गातली नाही. शीड जुनं आहे, त्याचं पोट मागे सरकलंय. त्यात कोरा आकडा लावून काय होणार? कल म्हणजे काय ते आधी नीट बघ. वारा शिडाला एका बिंदूवर ढकलतो. पाणी होडीच्या बुडाला आणि सेंटरबोर्डला दुसऱ्या बिंदूवर अडवतं. दाबाचा बिंदू अडवणुकीच्या मागे गेला की होडी नाक वाऱ्याकडे वळवू बघते. पुढे गेला की नाक वाऱ्यापासून दूर जातं. काठी मागे कलवली की दाबाचा बिंदू मागे. बस्स, एवढंच गणित.

भाचा: मग दोन्ही बिंदू एकमेकांवर आणले की सुकाणूला काही कामच नाही.

मामा: तसं करू नकोस. सुकाणूचा दांडा सोडला की होडीनं हळूहळू वाऱ्याकडे वळायला हवं. दांडा हातात असताना तीन ते पाच अंश इतकीच ओढ लागली पाहिजे. ती ओढ होडीला वाऱ्याकडे वर चढायला मदत करते, आणि माणूस पाण्यात पडला तर होडी आपण होऊन नाक वाऱ्यात घालून थांबते. ओढ त्याहून फार वाढली की तेच सुकाणू ब्रेकसारखं पाणी अडवतं.

मामांचा दावा तपासायला मुंबईचेच एक उदाहरण उपयोगी पडते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ कुलाब्यात सागवानात बांधलेली होती. तिचे आपोआप दिशा राखणारे यंत्र वाटेतच मोडले. त्यानंतरच्या प्रवासात शिडांचा समतोल साधून आणि सुकाणू बांधून ठेवून ते तिला दिशेवर राखत असत. म्हणजे दाब आणि अडवणूक यांचा हिशेब जमला तर होडी स्वतःला सांभाळते. पण भाच्याचा आक्षेपही खोडून काढता येत नाही: ‘सुहेली’ला दोन काठ्या होत्या, आणि मागच्या काठीचे छोटे शीड कमी-जास्त करून समतोल साधायची सोय होती. एका काठीच्या होडीत ती सोय नाही. म्हणून तिथे काठीचा कल जास्त महत्त्वाचा ठरतो.

भाचा: मग कोकणातल्या जुन्या गलबतांच्या काठ्या पुढे झुकलेल्या का असायच्या? त्यांना वाऱ्याकडे ओढ नको होती?

मामा: त्यांचं शीड वेगळं. लांबच लांब वाशाला बांधलेलं, तिरकं. वासा जड, तो काठीपासून मोकळा लोंबला पाहिजे म्हणून काठी पुढे. आणि शिडाचा मोठा भाग काठीच्या मागे पसरलेला, त्यामुळे दाब तसाही मागे येतोच. काठी पुढे झुकलीय हे बघून आपल्या होडीला तसं करशील तर ती वाऱ्याकडे चढायचीच नाही.

त्या गलबतांत काठीला बाजूने धरणारे दोर पक्के नसत. वारा ज्या बाजूने येई त्या बाजूला ते कप्प्यांनी ओढून बांधत, आणि दिशा बदलली की सोडून दुसऱ्या बाजूला नेत. तांडेलाला दर फेरीला काठीचा ताण नव्याने ठरवावा लागे. आजच्या पक्क्या तारांच्या होडीत तो निर्णय किनाऱ्यावरच एकदा घेऊन ठेवलेला असतो. त्यामुळे आज मोजमापाला पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे, हे मामांनाही मान्य करावे लागेल.

आता बूम. तिच्याबद्दल कमी बोलले जाते आणि जास्त चुका होतात. शीड पूर्ण आत ओढले की काठी आणि बूम यांच्यातला कोन शिडाच्या कापणीने ठरतो, डेकने नाही. म्हणून काठी १ अंश मागे गेली की बूमही तितकीच खाली झुकते: ३ मीटर लांबीच्या बूमचे टोक सुमारे ५ सेंटीमीटर खाली. एवढ्याने दोन गोष्टी बिघडू शकतात. पहिली, बूम दिशा बदलताना बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाते. तिथे ५ सेंटीमीटर म्हणजे बचाव आणि टाके यांतला फरक. दुसरी, शीड आत ओढणाऱ्या दोरीच्या वरच्या आणि खालच्या कप्प्या एकमेकींना टेकतात, आणि शीड अजून सैल असताना दोरी संपते. कप्प्या टेकल्या असतील तर दोरी कितीही ओढली तरी शीड आत येत नाही. नवखा माणूस दोष शिडाला देतो.

भाचा: मग बूमचं टोक वरून दोरीनं थोडं उचलून धरू.

मामा: टोक उचललंस की शिडाची मागची कड सैल. वरचा भाग बाहेर वळतो आणि वारा सांडतो. ती दोरी शीड उतरवताना बूमला आधार द्यायला असते, चालताना तिच्यावर भार नको. काठीवरचा बूमचा सांधा, गूजनेक, वर सरकत असेल तर तो वर घे.

भाचा: मग शीडही तेवढंच वर जाईल.

मामा: जाईल. म्हणून आधी बघ, शेंड्याशी जागा आहे का. शिडाचा वरचा कोपरा कप्पीला जाऊन भिडला तर ताण देता येणार नाही. शर्यतीच्या होडीत काठीवर रंगाच्या पट्ट्या असतात, शीड त्यांच्या आतच राहावं लागतं. आपल्याला तो नियम नाही, पण जागा नसेल तर काठीच थोडी पुढे आण.

बूमच्या बाबतीत निकाल मोजपट्टीकडेही नाही आणि सुकाणूकडेही नाही. तो बसलेल्या माणसाच्या डोक्याकडे आहे. सुकाणूच्या लाडासाठी काठी मागे घेताना बूम डोक्याच्या उंचीला येत असेल तर कल कमी करावा, वेग गेला तरी चालेल.

तारांचा ताण हा भाच्याचा प्रांत. १×१९ विणीच्या तारेसाठी एक सोपी पद्धत आहे. तार हाताने घट्ट करायची. २ मीटरची घडीची पट्टी तारेला लावून वरचे टोक चिकटपट्टीने पक्के बांधायचे, खालचे टोक तारेवरच्या खुणेशी जुळवायचे. मग टर्नबकल आवळत जायचे. पट्टीचे खालचे टोक आणि खूण यांत पडणारे प्रत्येक १ मिलिमीटर अंतर म्हणजे तारेच्या तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण. वरच्या श्राउडना साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर. ४ मिलिमीटरची तार सुमारे सव्वा टनाला तुटते, तेव्हा हा ताण दोनशे किलोच्या आसपास येतो. दोन्ही बाजू आळीपाळीने, प्रत्येकी थोडे फेरे देत आवळाव्यात, कारण एक बाजू ओढली की दुसरीवरचा ताणही वाढतो.

भाचा: जळगावात मात्र भानगड आहे, मामा. सकाळी काठी थंड, दुपारी उन्हानं तापलेली. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. सकाळी लावलेला ताण दुपारी वाढणार.

मामा: किती वाढणार ते सांग, नुसतं घाबरवू नकोस.

हिशेब सोपा आहे. तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढले तर ७ मीटरची काठी सुमारे ४ मिलिमीटर लांबते आणि तेवढीच स्टीलची तार सुमारे ३. फरक जेमतेम १ मिलिमीटर, तोही ७ मीटरवर पसरलेला; ताणात फार तर दीड-दोन टक्के भर. खान्देशच्या उन्हाळ्यातही याची काळजी करायचे कारण नाही. फक्त दोन मापे ताडायची असतील तर ती एकाच वेळी घ्यावीत, एक पहाटे आणि एक भर दुपारी नको.

शेवटची तपासणी पाण्यावर. ताशी १५ ते २० किलोमीटरचा, शक्य तितका सलग वारा निवडावा. मेहरूणसारख्या, वस्ती आणि झाडे जवळ असलेल्या तलावात वारा झोतांनी येतो आणि दिशा बदलतो. एका झोतात सुकाणूला जी ओढ जाणवते तिच्यावरून काठी हलवू नये. काठापासून दूर, मोकळ्या पाण्यावर दोन्ही बाजूंनी वाऱ्याकडे चढत जावे. होडी १५ अंशांच्या आसपास कलली असताना वाऱ्याआडच्या बाजूचा श्राउड बघावा. तो किंचित सैल असला तर ठीक, लोंबून फडफडत असला तर ताण कमी आहे. फडफडणारी बाजू थोडी आवळावी, होडी वळवून तेवढेच फेरे दुसऱ्या बाजूला द्यावेत, आणि पुन्हा खाचेवरून वर डोळा लावावा.

भाचा: आणि दांड्याला ओढ जास्त लागली, तर काठी पुढे?

मामा: लगेच नाही. आधी होडी जास्त कललीय का बघ. कललेली होडी वाऱ्याकडे वळतेच, काठी कुठेही असो. मग शिडाचं पोट फार आहे का बघ, ते ओढून सपाट कर. मग सेंटरबोर्ड थोडा वर घे. त्याचं टोक मागे जातं, अडवणुकीचा बिंदूही मागे जातो आणि ओढ कमी होते. हे सगळं करूनही ओढ राहिली तर फोरस्टेला हात घाल.

मामांच्या या उत्तरात त्यांच्याच पक्षाची कमजोरी दडली आहे. सुकाणूची ओढ हे लक्षण आहे आणि त्याची कारणे चार आहेत. हाताला लक्षण कळते, कारण कळत नाही. काठीचा कल आधी मोजलेला असेल तर निदान एक कारण बाजूला काढता येते. म्हणून या वादात क्रम असा धरावा: आधी बनवणाऱ्याचा किंवा जुन्या मापाचा कल, मग सुकाणूचे मत, आणि फोरस्टेत केलेला प्रत्येक बदल आट्यांच्या मोजणीसह वहीत. कलाच्या प्रश्नावर अखेरचा शब्द सुकाणूचा; सरळपणा आणि ताण यांवर तो टेपचा.

मोजमापाच्या आणि हाताच्याही पलीकडे काही असते, हेही खरे. एकट्याने जगप्रदक्षिणेला निघालेले अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही ‘सुहेली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली होडी. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात २१ सप्टेंबर २०१८ रोजी तिची काठी मोडली. लाटेने उलथलेल्या होडीची काठी नीट आवळलेल्या ताराही वाचवू शकत नाहीत. तलावात तेवढे संकट नसते, पण तिथेही काठी पडण्याची नेहमीची कारणे किरकोळच असतात: तारेच्या खालच्या टोकाशी पडलेली चीर, किंवा निसटलेली पिन.

सगळे जमल्यावर प्रत्येक टर्नबकलमध्ये नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय थोडे फाकवावेत आणि शीड फाटू नये म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. पहिल्या जोराच्या वाऱ्यानंतर ती पट्टी सोडून ताण पुन्हा मोजावा. १×१९ तारेतले पदर ओढ बसल्यावर एकमेकांत दबतात आणि तार किंचित लांबते. हे लांबणे बहुतेक सुरुवातीच्या फेऱ्यांतच होऊन जाते. त्या वेळी काढलेली स्प्लिट पिन परत वापरू नये, नवीच घालावी.